नाव बदललं, हात तोच राहिला

—घाई नका करू मॅडम, आधी चहा घ्या, कागद कुठे पळून जात नाही. सहीचं काय, एका क्षणाचं काम — दहावी पास आहे मी, अंगठा लावणाऱ्यातली नाही — पण दहावी पास आहे म्हणूनच आधी वाचणार. वाचला मी मघाशी, तुम्ही हातपाय धूत होता तेव्हा. ‘माझी छायाचित्रे, आवाज व कथन शैक्षणिक व प्रसाराच्या कामासाठी वापरण्यास माझी संमती आहे.’ प्रसार म्हणजे तुमच्या वर्गातल्या मयुरीची ती फिल्म बचत गटांना दाखवायची, असंच ना? इथे भडगावात, मग पाचोऱ्याला, मग आणखी कुठे कुठे — बाया सतरंजीवर बसतील, भिंतीवर माझा हात चालेल, माझा आवाज बोलेल, आणि शेवटी तुम्ही तिनं केलेली ती खापराची लोखंडी कडी वाटणार. आणि मी सही केली नाही तर तिचं काम अपुरं धरणार, वर्ष अडकणार. बरोबर. तुम्ही आल्या आल्या सरळ सांगून टाकलंत ते आवडलं मला. तिला नाही जमलं ते. तीन महिने या घरात जेवली, झोपली, या ओट्यावर बसून केस वाळवले — आणि सरळ काही सांगितलं नाही.

तुम्ही पुण्याच्या, तुम्ही मांडे खाल्ले असतील एखादवेळी, होताना नसतील पाहिले. कापडातून चाळलेली कणीक, तिला तास-दीड तास मळायचं, आपटायचं, रबरासारखी ताणायला लागली की पुरण भरायचं, आणि मग पोळपाट नाही, लाटणं नाही — दोन्ही हातांवर घ्यायची, ती आपल्याच वजनानं वाढत जाते, पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत — आणि मग चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर असतं, तापून लाल, त्याच्यावर झोकून द्यायची. कडा बोटांनी सरळ करायच्या. बोटं तिथे किती वेळ थांबवायची हे कोणी शिकवत नाही, ते बोटालाच कळतं. आमचा पाच बायांचा गट. लग्नं, डोहाळजेवणं, आणि आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, तर विचारू नका, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, घरोघरी आमरस आणि मांडे. मांडा घालणारी मीच. बाकीच्या मळतात, पुरण वाटतात, जाळ बघतात. लोक ऑर्डर देताना गटाचं नाव घेत नाहीत हं, ‘कोकिळाबाईचा हात आहे ना?’ एवढंच विचारतात. एवढंच माझं आहे मॅडम. मुलगा नाशिकला, आमचे हे दिवसभर दुकानावर, शेतीवाडी दिरांकडे. माझं म्हणाल तर हा हात.

तर ही मयुरी आली फाल्गुनात. पाठीवर बॅग, पायात ते जाड बूट. दीपनगरची म्हणाली, वडील वीज केंद्रात आहेत — म्हणजे आपल्याकडचीच की, असं वाटलं मला. डिझाईन शिकते, मांडे करताना बाया भाजतात त्याच्यावर काहीतरी काढायचंय. म्हटलं काढ बाई. मला वाटलं चुलीची उंची मोजेल, फोटो घेईल, चार दिवसांत जाईल. आधी एक मुलगा येऊन गेला होता असाच, कुठल्या कॉलेजातला, त्यानं आम्हाला एक छापील कागद दिला होता, प्रश्न आणि पुढे चौकोन. ‘आपणांस स्वयंपाक करताना त्रास होतो का? होय, नाही.’ आम्ही पाचही जणींनी ‘नाही’वर खूण केली आणि त्याला चहा पाजून वाटेला लावला. ही तशी नव्हती. हिनं पहिले आठ दिवस प्रश्नच विचारला नाही. नुसती बसायची. राख काढायची, पाणी भरायची, पुरणाला हात लावायची आणि बघत राहायची — आणि तोंडाकडे नाही बघायची, हातांकडे. एकदा मी हसून विचारलं तिला, की अगं मी बोलतेय वर आणि तू बघतेस खाली, काय चाललंय? तर म्हणाली, माणूस तोंडानं जे सांगतं आणि हातानं जे करतं ते वेगळं असतं, आम्हाला ते शिकवतात, मनाचा अभ्यास असतो आम्हाला. मी म्हटलं, अरे वा, मला वाटलं तुम्हाला नुसती चित्रं काढायला लावतात.

खोटं कशाला बोलू, तिचा अभ्यास खोटा नव्हता. आधी तिनं हातमोजा केला होता. आम्हीच मागितला होता तोंडानं, हात भाजतो, हातमोजा दे. चांगला मऊ चामड्याचा शिवून आणला तिनं. मी घातला आणि मांडा घेतला तर फाटला, दुसरा घेतला, फाटला. कणकेला कातडी लागते मॅडम, माणसाची. मग दोन दिवस वही उलटी-पालटी करत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाकीच्या बाया गेल्या होत्या, ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, ‘मावशी, तू उजव्या हाताची बोटं खापरावरून पटकन काढतेस. डाव्या हाताची काढत नाहीस.’

बास. एवढंच. प्रश्नसुद्धा नव्हता तो. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला दिसलं नव्हतं. पोटच्या मुलाला दिसलं नव्हतं. मी म्हटलं, असंच, सवय आहे. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, डावा हात कणखर आहे माझा. ती काही बोलली नाही. नुसती बसली होती माझ्याकडे तोंड करून, इतकं मायेनं — म्हणजे मला तेव्हा माया वाटली ती — आणि मॅडम, ती गप्प बसली ना, तर माझ्या आतलं सगळं आपोआप वर आलं. मी सांगून टाकलं की दोन वर्षं झाली, या बोटांना कळत नाही. ही तीन, करंगळीपासून. ऊन कळत नाही, गार कळत नाही, सुई टोचली तरी नाही. सांगितलं नव्हतं कोणाला. का म्हणजे काय? बधिर हात म्हटलं की आपल्याकडे लोक पहिल्यांदा कुठला आजार मनात आणतात, तुम्हाला ठाऊक आहे. जळगावच्या डॉक्टरनं साखरेमुळे नसा गेल्या म्हणून लिहून दिलंय, आहे माझ्याकडे कागद, पण डॉक्टरचा कागद वाचून कोणी मांडा खातं का? एकदा मनात किंतु आला की ताट मागे सरतं. आणि डॉक्टरकडे सुद्धा तीच घेऊन गेली होती मला. एसटीनं. परत येताना माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं, मी झोपले होते. ते सुद्धा लिहिलं असेल का हो तिनं?

लिहिलंच असेल. सगळंच लिहिलंय.

जळगावला प्रदर्शन आहे म्हणून फोन आला. ‘मावशी, तुला यायचंच आहे.’ मी गेले. एकटीच गेले, हे येतो म्हणाले होते पण दुकान सोडवलं नाही. निळी पैठणी नेसले मी, मुलाच्या साखरपुड्यातली, आणि दोन डबे मांडे घेतले, तिच्या मैत्रिणींना होतील म्हणून. हॉलमध्ये एवढी गर्दी, पाट्या, दिवे — मला खरंच बरं वाटलं, की आपल्या चुलीच्या कामाला एवढा उजेड. तिची जागा कोपऱ्यात होती. ती नव्हती तिथे, परीक्षकांबरोबर चहाला गेली होती. आणि भिंतीवर माझा हात. माणसाएवढा मोठा. मनगटावर हा विंचू — बघा, गोंदलेला, याची ही नांगी अर्धी राहिलीय ना, मी लहान होते तेव्हा रडून हात ओढून घेतला होता — ती अर्धी नांगी सुद्धा तशीच, ताटाएवढी. खाली लिहिलेलं, ‘रखमाबाई, वय ४८, गटप्रमुख.’ नाव बदललं मॅडम, हात बदलला नाही. भडगावात, पाचोऱ्यात माझ्या हातचं खाल्लेलं कुठलंही पोर सांगेल हा विंचू कोणाचा. आणि त्याच्याखाली ओळी होत्या, एकाखाली एक, औषधाच्या बाटलीवर असतात तशा. ‘डाव्या हाताचे स्पर्शज्ञान कमी. प्रतिष्ठा हाताशी जोडलेली. चूक लपवते. दोष मदतनिसावर ढकलते.’

टेबलावर तिची वही होती. दोरीनं बांधून ठेवलेली, लोकांनी चाळावी म्हणून. मी चाळली. का नाही चाळणार? माझ्याच घरात लिहिलेली, माझ्याच कंदिलाच्या — म्हणजे दिव्याच्या उजेडात, तुम्हाला वाटेल आमच्याकडे कंदील आहेत. पहिला आठवडा, ‘फक्त निरीक्षण, प्रश्न नाहीत.’ बरं. मग नववा दिवस. ‘संबोधन ताईवरून मावशी केले. मुलगी नसल्याचा उल्लेख तिने दोनदा केला होता. प्रतिसाद लगेच मऊ.’ पुढे एक पान, ‘उत्तर आल्यावर लगेच बोलू नये. मनात दहा मोजावेत. समोरची व्यक्ती शांतता भरून काढते.’ आणि त्याच्यापुढे कंसात, ‘सात पुरतात.’

सात पुरतात, मॅडम. मला वाटलं ती माझं ऐकतेय. ती मोजत होती.

तुम्हीच शिकवलं ना तिला ते? नाही, मी भांडत नाही तुमच्याशी, मला भांडता येत नाही, माझी सासू म्हणायची हिला रागवायला पण शिकवावं लागेल. मी विचारतेय फक्त. आता सुद्धा तुम्ही बोलत नाही आहात. मोजताय का? मोजा. मला आता त्याचं काही नाही.

एक पान होतं मात्र. एकविसाव्या दिवसाचं. त्याच्यावर काही मुद्दे नव्हते, बाण नव्हते, एवढंच होतं — ‘आज काही लिहीत नाही. मावशीने केस विंचरले.’ त्या पानाचं काय करायचं मला कळत नाही. मी तिथे उभी राहून ते तीनदा वाचलं, मागून कोणीतरी म्हणालं, बाई पुढे सरका. डबे तिथेच टेबलाखाली ठेवले आणि बस धरली. तिचा फोन आला, नंतरही आला, किती वेळा ते मी मोजलं नाही. मग मेसेज आला, ‘मावशी, नाव बदललं होतं गं.’ एवढी शिकलेली मुलगी, आणि तिला वाटतं मी नावासाठी रडले.

आणि ते शेवटचं वाक्य. दोष ढकलते. ते तर साफ — मी कोणावर ढकलला? विचारा गावात. मी एका शब्दानं कधी झुंबरअक्काचं नाव घेतलं का ते विचारा. मी म्हटलंच नव्हतं की तिची चूक आहे. लोक म्हणाले. मी फक्त—

झुंबरअक्का म्हणजे आमच्या गटातली सगळ्यात थोरली. साठीच्या पुढची. चूल मांडायची ती, दगड बसवायची, खापर ठेवायची, जाळ सांभाळायची. तिनंच मला मांडा शिकवला, लग्न होऊन आले तेव्हा, पहिला मांडा फाटला की म्हणायची, फाटू दे माय, कुत्र्यांची पण आखाजी होऊ दे. तर मागच्या वर्षी पाचोऱ्याला लग्न होतं, दोनशे मांडे, भर दुपार, मंडपाच्या मागे पत्र्याखाली आम्ही. आणि खापर घसरलं. तापलेलं, रसरशीत. अक्काच्या पायावर आलं. आता त्या वेळी कोण काय बघतं? गलका झाला, कोणी पाणी ओततंय, कोणी हळद आणतंय, आणि मुलीची आत्या म्हणाली, म्हातारीनं दगड नीट बसवले नव्हते. दुसरी म्हणाली, वय झालं, आता कशाला आणता बरोबर. आणि अक्का खाली बसलेली, पाय असा पुढे धरून, तिनं माझ्याकडे बघितलं आणि सगळा दोष स्वतःवर घेत तीच म्हणाली, ‘मन्हीच चूक शे, माय. बठ्ठा मन्हा दोष शे.’

मी काही बोलले नाही.

मला माहीत नव्हतं तेव्हा, शपथ घेऊन सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना बघितलं तर या डाव्या हाताच्या कडेला, इथे, करंगळीच्या खाली, एवढा मोठा फोड. पाण्यानं फुटला तेव्हा दिसला. तेवढ्या जागेला खापर लागलं असणार, चांगलं रेटून लागलं असणार, दुसऱ्या कोणाचा हात असता तर चटक्यानं मागे आला असता. माझा आला नाही. माझा हात खापराला ढकलत राहिला आणि मला कळलं नाही. दगड बरोबर बसवले होते तिनं. चाळीस वर्षं बसवतेय, तिचे दगड हलत नाहीत.

मग? मग काय. जाऊन सांगायला हवं होतं ना. चार घरं सोडून राहते ती. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या जाऊ, जखम ताजी आहे. मग वाटलं, पाय बरा होऊ दे. पाय बरा झाला, पण अक्का कामाला आली नाही. मी डबा पाठवला, दर आठवड्याला पाठवते, अजून पाठवते — ती म्हणते कोकिळाचं मन केवढं, मी तिचं काम बिघडवलं तरी मला विसरत नाही. रिकामा डबा आणायला जाते तेव्हा हे माझ्या तोंडावर म्हणते, मॅडम. आणि मी डबा उचलून घरी येते. तिच्या सुनेनं आता तिला चुलीजवळ बसू देणं बंद केलंय, घरात सुद्धा. म्हणे तुमच्या हाताचा भरवसा नाही. अंगणात खाटेवर बसून असते दिवसभर, कापसाच्या वाती वळते. वाती. ज्या बाईनं दोनशे-दोनशे मांड्यांचा जाळ राखला तिनं.

हे मी मयुरीला सांगितलं होतं. हाताचं सांगितलं त्याच दुपारी, त्याच दमात. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं मला आज. ठरवून बसले होते, की हाताचं बोलायचं, वहीचं बोलायचं आणि कागद परत द्यायचा. फिल्ममध्ये पण आहे ना ते? माझ्याच आवाजात? असणार, तिचा फोन सदा रेकॉर्डिंगला लावलेला असायचा. तुम्ही खाली बघितलंत म्हणजे आहे.

मला एक सांगा, तिनं ती कडी केली — मी वापरते हं ती, तिच्यावर राग नाही माझा — तीन पायांची, खापर तिच्यात घट्ट बसतं, आणि बाजूनं तो लाकडी कठडा, हात चुकूनही मातीला लागत नाही. ह्या आखाजीला एकही चटका बसला नाही कोणाला. दुसरी कोणी असती तर हातमोजा देऊन गेली असती. हिनं माझ्या आत शिरून बघितलं म्हणून हे झालं, ते मला कळतं, एवढी अडाणी नाही मी. कठडा माझ्या लपवण्यातून निघालाय. पण मग तिला एवढं सगळं कळलं होतं, माणसाचं मन शिकली होती, तर त्या मनातली एक गोष्ट तिला कशी दिसली नाही? मी तिला जे सांगितलं ते कडी करायला नव्हतं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मावशी, चल, आपण दोघी अक्काकडे जाऊ. मी वाट बघत होते त्याची. आखाजीपर्यंत बघितली. तिच्या वहीत ते कुठे नाही, मी शोधलं.

तिनं म्हणायला हवं होतं का? नाही म्हणा. ती माझं काय देणं लागते. माझं काम होतं ते, आणि मी ते एका पोरीच्या गळ्यात घालून बसले, आणि वर तिच्यावर रुसले. पण रुसले तर रुसले. मावशी म्हटलं होतं तिनं. मावशी म्हणून मग सात मोजायचे नसतात.

बरं. कागद द्या इकडे. नाही, पेन नको.

हा मी घेऊन जाते अक्काकडे. वाचून दाखवते, काय लिहिलंय, फिल्ममध्ये काय आहे, कोणाच्या हातानं काय झालं. पाय तिचा भाजला, चूल तिची गेली, आणि तुम्ही संमती माझी घ्यायला एवढ्या लांब आलात — तुमच्या पण लक्षात नाही आलं ते, मॅडम, आणि तुम्ही तर शिकवता. ती म्हणाली दाखवा, तर करेन सही, मग भडगावच्या चौकात पडदा लावलात तरी चालेल. ती नाही म्हणाली तर मयुरीचं वर्ष अडकेल. अडकू दे. मला वाईट वाटेल. तरी अडकू दे.

चिठ्ठीनं कळवीन. फोन नाही करणार, आणि तिलाही करू नको म्हणून सांगा सध्या.

चपला तिकडे आहेत तुमच्या, ओट्याखाली. नाही, तुम्ही नाही यायचं. नाही मॅडम, लांबून सुद्धा नाही, मी एवढं ऐकलं सगळ्यांचं, आता माझं एक ऐका — अक्का माझ्याकडे कशी बघते ते कोणी बघायचं नाही. स्टँड उजव्या हाताला आहे. मी डावीकडे जाते.